एका स्टॉपवॉचवर आलेला आळ

मित्रांनो, मी एक जुनं स्टॉपवॉच आहे, आणि माझा कुणावरही चटकन विश्वास बसत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं माझ्या बोलण्याचा राग यायला नको.

माझी पाठ स्टीलची आहे. काचेवर एक ओरखडा आहे आणि डोक्यावर एकच बटण. ते दाबलं की मोठा काटा पळायला लागतो, पुन्हा दाबलं की थांबतो, तिसऱ्यांदा दाबलं की मुकाट्यानं शून्यावर येऊन उभा राहतो. तो एका मिनिटात पूर्ण फेरी मारतो. वरच्या लहान तबकडीत मिनिटं मोजणारा लहान काटा आहे. तो तीसपर्यंत मोजतो आणि परत पहिल्यापासून सुरू करतो. मला सेल लागत नाही. तेच बटण बोटांनी फिरवून चावी दिली, की माझं पोट भरतं.

ज्या कारखान्यात मी तयार झालो, तिथं एका लांब टेबलाशी बसलेल्या बाईनं चिमट्यानं माझी चाकं जागेवर बसवली. तिचे हात फार हलके होते. पण तिच्यानंतर मी ज्याच्या हाती पडलो तो तपासनीस मात्र कुणाचाच सगा नव्हता. त्यानं मला तीन दिवस उताणं, पालथं, उभं, आडवं ठेवून पाहिलं. गार खोलीत ठेवलं, मग दिव्याखाली तापवलं. माझ्या शेजारची दोन भावंडं त्यानं एका नजरेत परत पाठवली. मी पास झालो तेव्हा त्यानं शाबासकी दिली नाही. नुसतं ‘हं’ केलं. तेव्हापासून मला वाटत आलं आहे की जगात दोनच प्रकारची माणसं असतात, तपासणारी आणि फसणारी.

माझी पहिली नोकरी पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात होती. तिथं एक वेळमास्तर होते. एक खोकं घडी घालून चिकटवायला किती सेकंद लागतात, हे कामगाराच्या मागं उभं राहून मोजायचं आणि त्यावरून दिवसाची खोकी ठरवायची, हे त्यांचं काम. मास्तरांनी मला खिशातून काढलं, की सगळे हात आपोआप सैल पडायचे. कुणी उगाच डिंकाचा डबा ढवळायचं, कुणाला त्याच वेळी शिंका यायच्या. मास्तरांना ते कळायचं. मास्तरांना कळतं हे कामगारांना कळायचं. आणि मी मधल्यामध्ये टिकटिक करत राहायचो. माझ्याकडं प्रेमानं बघणारा माणूस तिथं एकही नव्हता.

एकदा मात्र मोठे साहेब म्हणाले, “खोक्याला नऊ सेकंद पुरे झाले. उद्यापासून नऊच धरा.” मास्तरांनी मला त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “साहेब, मी चाळीस जणांचं मोजलंय. हे अकरा म्हणतंय. नऊ म्हणायला लावायचं असेल तर दुसरं घड्याळ आणा.” अकराच राहिले. त्या दिवसानंतर मला बघून शिंका येणं थोडं कमी झालं.

मास्तर निवृत्त झाले, काही वर्षांनी गेले, आणि मी त्यांच्या लेकीकडं आलो. तिचं नाव मी सांगणार नाही. माझ्यासाठी ती मास्तरांची लेकच आहे, आता पन्नाशीला टेकली असली तरी. ती एका छापखान्यात प्रूफं तपासते. म्हणजे छापायच्या आधी मजकूर वाचायचा आणि चुका धरायच्या. बापाचा संशयी डोळा लेकीत जसाच्या तसा उतरला होता. भाजीवाल्याचं तागडं, सरकारी नोटीस, लग्नाची पत्रिका, काहीही तिच्यापुढं आलं की तिची भुवई आधी वर जायची आणि मग ती वाचायला लागायची.

पण मला तिनं बघितलंसुद्धा नाही. नऊ वर्षं मी एका खणात पडून होतो. सोबतीला तुटकी कात्री, बटणांची डबी आणि कुठल्या कुलपाची ते कुणालाच न आठवणारी किल्ली. मित्रांनो, चावी न दिलेल्या घड्याळाचं दुःख असं असतं, की आपण किती दिवस बंद आहोत हेही त्याला मोजता येत नाही.

एका रविवारी दुपारी तो खण उघडला. बाहेर दूरचित्रवाणीवर बायकांची दहा हजार मीटरची शर्यत चालली होती. मैदानाच्या पंचवीस फेऱ्या. लेक खरं म्हणजे इस्त्री करत होती आणि सहज बघत होती. सगळ्यांच्या मागं एक इवलीशी, काटकुळी बाई पळत होती. चोवीस फेऱ्या ती मागंच राहिली. शेवटच्या फेरीची घंटा झाली आणि ती अशी सुटली, की पुढच्या सगळ्या जणी उभ्या राहिल्यासारख्या दिसायला लागल्या. समालोचक ओरडला, “शेवटची फेरी साठ सेकंदांत!”

“काहीतरीच काय!” लेक म्हणाली. “एकोणतीस-तीस मिनिटं पळून झाल्यावर साठ सेकंद? फेकतोय मेला.”

थोड्या वेळानं ती फेरी परत दाखवणार होते. तेवढ्यात तिनं खण उपसून मला काढलं, चावी दिली, फुंकर मारली. मी मनात म्हटलं, आता अब्रू जाते की राहते. पण माझा काटा सुटला, फेरी संपली, आणि तिनं मला डोळ्यांजवळ धरलं. साठ आणि वर दोन पंचमांश.

“खरं सांगत होता की,” ती हळूच म्हणाली. इस्त्रीखाली तिच्या नवऱ्याचा सदरा जळला होता.

त्या काटकुळ्या धावपटूचं नाव तिनं ‘चिमणी’ ठेवलं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती मला घेऊन पाण्याच्या टाकीमागच्या मातीच्या मैदानावर गेली, एक फेरी आपल्याला किती वेळात जमते ते बघायला. दोन मिनिटं एक्कावन्न सेकंद. त्यानंतर ती बराच वेळ विजेच्या खांबाला धरून उभी होती. तिथं चालायला येणाऱ्या एक बाई जवळ आल्या आणि विचारलं, “पाठीमागं कुत्रं लागलं होतं का?”

या बाई शाळेत भूमिती शिकवतात. तेव्हापासून दोघी रोज बरोबर. भूमितीच्या बाई स्वतः दहा फेऱ्या सावकाश करायच्या आणि मग कठड्यावर बसून लेकीच्या फेऱ्या मोजायच्या. एक फेरी झाली की डाव्या हातातला एक खडा उजव्या हातात.

आमचा दिवस कसा असायचा, सांगतो. सव्वापाचला जाग. अंथरुणातच, उठायच्या आधी, लेक मला छातीवर ठेवायची आणि मनगटावर दोन बोटं ठेवून मिनिटभर नाडी मोजायची. मोठे धावपटू असं करतात, असं तिनं एका मासिकात वाचलं होतं. शरीर थकलेलं असलं तर सकाळची नाडी चढलेली असते म्हणे. तिची असायची चौपन्न. मग बुटांच्या नाड्यांना दुहेरी गाठ. सोमवारी हलकं पळणं, बुधवारी एकेक फेरी जोरात आणि मध्ये विश्रांती, शनिवारी लांब. महिन्यातून एकदा पुऱ्या पंचवीस फेऱ्या, चिमणीसारख्या. आठ वाजता ती छापखान्यात हजर असायची आणि गालांवर लाली असायची.

पहिल्या वर्षी पंचवीस फेऱ्यांना एक तास दहा मिनिटं लागली. सहाव्या वर्षी पन्नास मिनिटं चाळीस सेकंद. शहरात दर हिवाळ्यात दहा किलोमीटरची शर्यत असायची, आणि या खेपेला पन्नासच्या आत यायचंच असं तिनं ठरवलं होतं. फेरीला दोन मिनिटं, त्यात एक सेकंद जास्त चालणार नाही. सहा वर्षं मी तिच्या मुठीत घाम पीत होतो, आणि मित्रांनो, खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

घरात तिचा नवरा होता. तो कवळ्या बनवतो. एका दंतवैद्याच्या दवाखान्यामागच्या खोलीत बसून लोकांच्या हिरड्यांचे साचे काढतो आणि त्यावर एकेक दात बसवतो. शांत, थट्टेखोर माणूस. तो म्हणायचा, “घरात एकानं पळावं. दुसऱ्यानं दात सांभाळावेत.” भिंतीवर चिमणीचा फोटो लागला तेव्हा म्हणाला, “हिला जेवायला घाला कुणीतरी.”

चिमणीवरून एकच भांडण व्हायचं, ते भूमितीच्या बाईंशी. चिमणीनं एका वर्षात स्वतःचीच वेळ अर्ध्या मिनिटानं कमी केली, तेव्हा बाई म्हणाल्या, “अगं, आकडे असे उड्या मारत नाहीत. कुठंतरी पाणी मुरतंय.”

“तुम्हाला कुणाचं चांगलं बघवत नाही,” लेक म्हणाली.

“तू भाजीवाल्याच्या तागड्यावर संशय घेतेस, आणि हिच्यावर नाही?”

“तिच्यावर नाही.”

आता माझ्या मनात शंकेची पाल कधी चुकचुकली ते सांगतो. सहाव्या वर्षी, पावसाळ्यानंतर, लेकीचा उजवा गुडघा दुखायला लागला. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. फक्त एके दिवशी तिच्या खिशात माझ्या शेजारी एक नवीन सोबतीण आली. गोळ्यांची पट्टी. हलली की चुरचुर आवाज करायची. पळायच्या आधी लेक मागं वळून बघायची, भूमितीच्या बाई लांब आहेत ना याची खात्री करायची आणि एक गोळी पाण्याच्या घोटाबरोबर गिळायची. रिकाम्या पोटी.

मागं वळून बघणारी माणसं मी खोक्यांच्या कारखान्यात भरपूर पाहिली होती. वळून बघावं लागतं, म्हणजे काहीतरी बरोबर नाही. पण गुडघा दुखायचा थांबला होता आणि लेक खूष होती. आधी गोळी फक्त शनिवारी असायची. मग रोज. मग रोज दोन. एक पट्टी संपायच्या आत दुसरी यायची. मी त्या पट्टीशी कधी बोललो नाही. मला ती आवडलीच नाही.

आणि मग वेळ बिघडायला लागली. पंचवीस फेऱ्या, एक्कावन्न मिनिटं तीस सेकंद. पुढच्या महिन्यात बावन्न पन्नास. त्यानंतर चौपन्न वीस. छापखान्याचा जिना चढताना ती दुसऱ्या मजल्यावर थांबायची आणि सूचनाफलक वाचत असल्याचं सोंग आणायची. त्या फलकावर चार महिने एकच सूचना होती. सकाळची नाडी मोजणंही तिनं सोडून दिलं. “त्यात वेळ जातो,” असं ती स्वतःशीच म्हणाली. मिनिटभराचं काम, मित्रांनो.

प्रूफं तपासणाऱ्या माणसाला चूक दिसली की ती कुणाची, हे शोधल्याशिवाय चैन पडत नाही. लेकीनं शोध सुरू केला. आधी बुटांवर संशय घेतला. नवे आणले. पंचावन्न मिनिटं. मग मैदानावर. “पावसानं आखणी धुऊन गेली होती. नवी आखताना फेरी मोठी केलीय यांनी,” ती म्हणाली. भूमितीच्या बाईंनी शाळेतून लांब फीत आणली आणि रविवारची अख्खी सकाळ वाकून वाकून मैदान मोजलं.

“चारशे मीटर आणि एक वीत,” बाई कंबर धरून म्हणाल्या. “वितीचं काय करायचं ते तू ठरव.”

मग लेकीनं बाईंच्याच खड्यांकडं बोट दाखवलं. “तुम्ही गप्पा मारता कुणाशीतरी. एखादी फेरी जास्तीची होते माझी.”

बाईंनी हातातले खडे शांतपणे खाली ठेवले. “तीस वर्षं मी मुलांना मोजायला शिकवतेय. पंचवीसपर्यंत येतं मला.” आणि त्या निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या नाहीत. तिसऱ्याही नाही.

मैदानावर आता आम्ही तिघंच उरलो होतो. ती, मी आणि ती चुरचुरणारी पट्टी. एका सकाळी फेऱ्या संपल्यावर तिनं मला डोळ्यांसमोर धरलं. सत्तावन्न मिनिटं. ती माझ्याकडं अशी बघत राहिली, की मी समजून गेलो. तिच्या बापाकडं चाळीस कामगार असंच बघायचे.

“तूच,” ती म्हणाली. “म्हातारा झालास. पुढं पळतोयस तू.”

मित्रांनो, आयुष्यभर मी लोकांवर संशय घेतला. माझ्यावर कुणी घेईल असं कधी वाटलं नव्हतं. फार लागलं ते मनाला.

तिनं मला घड्याळजीकडं नेलं. त्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक फट. एका डोळ्याला भिंग लावून ते बसले होते. त्यांनी माझी पाठ उघडली, आत बघितलं, फुंकर मारली आणि भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाबरोबर मला तासभर चालवून ठेवलं. लेक स्टुलावर बसून राहिली. हलली नाही.

“तासाला एक सेकंद मागं आहे,” घड्याळजी म्हणाले.

“मागं? पुढं नाही?”

“मागं. म्हणजे खोटं बोलत असेल तर तुमच्या बाजूनंच बोलतंय. तुम्हाला खरं तर एक सेकंद जास्तच लागतोय.” मला तिच्या हातात देताना ते थांबले. भिंग अजून डोळ्याला होतं आणि ते माझ्याकडं नाही, तिच्या बोटांकडं बघत होते. “ताई, तुमची नखं अशी पांढरी का हो? अगदी कागदासारखी?”

“छापखान्यात असते मी.”

“शाई काळी असते ताई. माझ्या बहिणीची अशी झाली होती. तिच्या अंगात रक्त कमी पडलं होतं. दाखवून घ्या कुणाला तरी.”

“मी घड्याळ दाखवायला आले होते,” लेक म्हणाली आणि उठली. उठताना तिनं भिंत धरली. मी तिच्या दुसऱ्या मुठीत होतो, म्हणून मला कळलं.

त्याच आठवड्यात बातमी आली. चिमणीच्या रक्ताच्या तपासणीत काहीतरी सापडलं होतं, आणि निकाल लागेपर्यंत तिला शर्यतींतून बाजूला ठेवलं होतं. लेकीनं दूरचित्रवाणी बंद केली. “कट आहे हा,” ती म्हणाली. “मोठ्या देशांच्या बायका हरतात ना तिच्यापुढं, म्हणून.” भूमितीच्या बाई समोर असत्या तर काय म्हणाल्या असत्या, ते बहुतेक तिलाही ऐकू येत होतं, कारण ती ते पुन्हा एकदा, जास्त मोठ्यानं म्हणाली.

शहरातली शर्यत रविवारी होती. शुक्रवारी संध्याकाळी नवऱ्यानं तिचे पळायचे कपडे धुवायला घेतले आणि खिसे चाचपले. टेबलावर त्यानं आधी मला ठेवलं, मग शेजारी पट्टी.

“हे काय?” तो हसत म्हणाला. “चिमणीच्या वाटेनं निघालीस की काय? औषध घेऊन पळतेस?”

“थट्टा करू नकोस. गुडघ्याची गोळी आहे. साधी दुखण्याची.”

त्यानं पट्टी उलटून नाव वाचलं. हसू गेलं. “ही आमच्याकडं दाढ काढल्यावर देतात. डॉक्टर पाच दिवसांच्या वर कुणाला देत नाहीत. आणि जेवल्याशिवाय घेऊ नका म्हणून दहादा बजावतात. तू किती दिवस घेतेस?”

तिनं पट्टी घ्यायला हात पुढं केला.

“किती?”

“फौजदारासारखं काय विचारतोस? चार महिने. पाच असतील.”

“रोज?”

“दोन.”

तो खुर्चीत बसला. सवयीनं त्यानं अंगठ्यानं पट्टीच्या रिकाम्या खाचा मोजल्या. “पोटात जळजळतं का?”

“थोडं. सगळ्यांनाच जळजळतं.”

“शौचाला काळं होतं?”

“काय विचारतोस हे!” ती इतकी चिडली, की त्याला उत्तर मिळालं.

“ऐक. या गोळीनं पोटात जखम होते. आतल्या आत रक्त जात राहतं, माणसाला पत्ता लागत नाही. आपण उद्या सकाळी रक्त तपासू. रविवारी पळू नकोस.”

“तुला मी पळते हे कधी आवडलंच नाही.”

“अगं, सहा वर्षं तुझे मोजे मी वाळत घालतोय!”

“सोमवारी तपासू. रविवारी मी पळणार.”

मग त्यानं मला उचललं आणि तिच्या उशीजवळच्या स्टुलावर नेऊन ठेवलं. “माझ्यावर विश्वास नाही, बाईंवर नाही, घड्याळजींवर नाही. ठीक आहे. तुझ्या वडिलांच्या घड्याळाला विचार. सकाळची नाडी शेवटची कधी मोजलीस?”

तिनं मला पालथं घातलं. शनिवारचा सगळा दिवस मी तोंड खाली करून पडून होतो. तपासनिसानं मला पालथं ठेवलं होतं त्याची आठवण झाली. तेव्हा परीक्षा माझी होती.

रविवारी सव्वापाचला ती जागी झाली. बाहेर धुकं होतं. खुर्चीवर शर्यतीचा कागदी नंबर चार पिनांसह तयार होता. ती छताकडं बघत पडून राहिली. मग तिचा हात आला, तिनं मला सुलटं केलं, चावी दिली आणि छातीवर ठेवलं. दोन बोटं मनगटावर. बटण दाबलं गेलं.

तिच्या छातीवर पडल्या पडल्या मला तिच्या काळजाचे ठोके खालून लागत होते. पूर्वी ते मोठे आणि सावकाश असायचे. आता ते लहान होते आणि एकमेकांच्या पाठीवर पडत होते, दारात उशीर झालेल्या माणसांसारखे. माझा काटा एक फेरी फिरला. तिनं बटण दाबलं.

अठ्ठ्याण्णव.

तिनं मला शून्यावर आणलं आणि पुन्हा मोजलं. अठ्ठ्याण्णव. तिसऱ्यांदा एकशे एक.

छापखान्यात नव्या माणसाला ती शिकवायची, की चूक एकदा आली तर हात घसरला असं म्हणावं, तीनदा आली तर ती मूळ मजकुरातच आहे. ती उठून बसली. सावकाश, पलंगाची कड धरून. माझ्याकडं बघितलं. मी तासाला एक सेकंद मागं होतो. चौपन्न आणि अठ्ठ्याण्णवच्या फरकात त्या सेकंदाला लपायला जागा नव्हती.

“ऐकलंस का,” तिनं हाक मारली. नवरा दारातच उभा होता. बहुतेक बराच वेळ. “मी नाही जात शर्यतीला. मला भीती वाटतेय.”

त्यानं तिचे बूट आणले आणि गुडघ्यांवर बसून तिच्या पायांत घातले. तिची दुहेरी गाठही त्यानंच मारली.

खाली उतरल्यावर फाटकाशी कुणीतरी उभं होतं. भूमितीच्या बाई. डोक्याला मफलर आणि हातात पाण्याची बाटली. “भांडण आपलं सोमवारपासून परत सुरू करू,” त्या म्हणाल्या. “आज शर्यत आहे, म्हणून आले.” मग त्यांनी लेकीचा चेहरा बघितला आणि गाडीचं दार उघडलं. तिघं गाडीत बसली. मी लेकीच्या मुठीत होतो. तिची मूठ गार होती.

रुग्णालयात रक्त तपासलं. बारा असायला हवं ते हिमोग्लोबिन सहाच्या खाली होतं. पोटात नळी घालून बघितलं तेव्हा जखम दिसली, हळूहळू पाझरणारी. दुसऱ्या माणसांच्या रक्ताच्या दोन पिशव्या तिला चढवल्या. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण बोलायला एकदम सरळ.

“इतक्या कमी रक्तावर तुम्ही दहा किलोमीटर पळणार होतात? जोरात?”

“पन्नास मिनिटांच्या आत,” लेक म्हणाली.

“वाटेतच हृदय थांबलं असतं तर मला नवल वाटलं नसतं. कुणी अडवलं नाही का तुम्हाला?”

लेकीनं नवऱ्याकडं बघितलं, बाईंकडं बघितलं. “सगळे अडवत होते,” ती म्हणाली. “मीच ऐकत नव्हते.” मग ती रडली. मी तिला सहा वर्षांत घामानं भिजलेली पाहिली होती, रडताना नाही. बाईंचा हात धरून ती म्हणाली, “तुमचे खडे बरोबर होते.” बाई म्हणाल्या, “ते मला ठाऊक आहे. तू झोप.”

बरं व्हायला बरेच महिने लागले. लोहाच्या गोळ्या, वेळेवर जेवण आणि गुडघ्यासाठी रोज भिंतीला टेकून करायचे व्यायाम. तो गुडघा खरं तर पहिल्याच महिन्यात कुणाला दाखवला असता, तर या साध्या व्यायामांनीच बरा झाला असता. आता तिला ते कळलंय.

चिमणीचं काय झालं, हे तुम्ही विचाराल. तो निकाल लेकीला फार विचित्र रीतीनं कळला. छापखान्यात तिच्या टेबलावर क्रीडा पानाचं प्रूफ आलं. चिमणीनं गुन्हा कबूल केला होता. रक्त वाढवायची इंजेक्शनं ती तीन वर्षं घेत होती. लेकीला ती बातमी अक्षर न् अक्षर वाचावी लागली, कारण कामच ते होतं. तिनं त्यात शुद्धलेखनाच्या दोन चुका दुरुस्त केल्या, खाली सही केली आणि पान पुढं पाठवलं.

घरी आल्यावर तिनं भिंतीवरचा फोटो काढला. फाडला नाही. पुस्तकांच्या मागं ठेवला. नवरा म्हणाला, “तिनं चोरून वाढवलं, तू चोरून घालवलंस. रक्तच ते.”

“मी सगळ्यांवर संशय घेतला,” ती म्हणाली. “बुटांवर, मैदानावर, बाईंवर, बाबांच्या घड्याळावर. फक्त दोघींना सोडलं. तिला आणि त्या गोळीला.”

आता ती परत पळते. पंचवीस फेऱ्यांना एक तास दोन मिनिटं लागतात. रविवारी दुपारी शर्यत असली की भूमितीच्या बाई येतात, आणि कुणी फारच जोरात सुटलं की दोघी एकमेकींकडं भुवया उंचावून बघतात. तरी शेवटच्या फेरीची घंटा झाली, की दोघी खुर्चीतून उठून उभ्या राहतातच. इतकं सगळं होऊनही ते उठणं गेलेलं नाही. मला त्याचं आश्चर्य वाटतं आणि बरंही वाटतं.

मित्रांनो, मी आता फार दिवसांचा सोबती नाही. माझी कमान, म्हणजे मला पळवणारी आतली स्प्रिंग, थकली आहे. मला तीन वर्षांतून एकदा तेलपाणी लागतं, ते करणारी माणसं कमी होत चालली आहेत. पण जाता जाता एक विनंती आहे. संशय घेणं वाईट नाही, मला तर त्याच्यावाचून दुसरं काही येतच नाही. फक्त तो सोयीनं घेऊ नका. परक्यावर घ्यायला फार धाडस लागत नाही. जे आपल्याला फार आवडतं, जे सोडवत नाही, ज्याच्यासाठी आपण मागं वळून बघतो, तेही एकदा उजेडात काढून नीट तपासा. आणि एखादं जुनं यंत्र, एखादं जुनं माणूस किंवा तुमचंच शरीर तुम्हाला न आवडणारा आकडा पुन्हा पुन्हा दाखवत असेल, तर त्याला पालथं घालू नका. बिचाऱ्याकडं दुसरी भाषा नसते.